आतली कुसुम, बाहेरची कुसुम

फोनवर कोणी "हॅलो, मी बोलतोय" म्हटलं की आमचे सर फोन ठेवून देत. रागाबिगाने नाही. ठेवून झाल्यावर समोर बसलेल्याला शांतपणे विचारत, "आता ‘मी’ हे नाव मी कोणत्या यादीत शोधायचं, सांगा." एकदा पलीकडे खुद्द प्राचार्य होते. त्यांचाही फोन ठेवला गेला. त्यांनी परत लावला आणि "अहो, मी बोलतोय, मी!" म्हणून ओरडले, तर परत ठेवला गेला. शेवटी त्यांनी शिपाई पाठवला. त्या बिचाऱ्याने दारातच उभं राहून स्वतःचं नाव, गाव, खातं सांगितलं आणि मग निरोप दिला. सरांच्या दारात काय म्हणायचं ते कॉलेजात सगळ्यांना पाठ होतं.

जळगावच्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात सर कंपायलर शिकवायचे, आणि पहिल्या वर्षापासून आमचा एखादा तरी विषय त्यांच्याकडे असेच. याच कॉलेजात शिकले, इथेच शिकवायला लागले, आणि इथूनच निवृत्त झाले. रोज पिंप्राळ्याहून जुन्या स्कूटरवर यायचे. डब्यावर, छत्रीवर, डस्टरवर त्यांनी कागदाच्या पट्ट्या चिकटवलेल्या असत. वस्तूचं नाव काय, प्रकार कोणता, आणि ती कुठली. छत्रीवर लिहिलं होतं: ‘छत्री. काळी. घरची, कॉलेजात पाहुणी.’ ती छत्री कधी चोरीला गेली नाही. एवढा बायोडेटा असलेली छत्री नेणार कोण?

पहिल्याच दिवशी हजेरीला सरांनी नुसतं "पाटील" म्हटलं आणि आमच्या वर्गातली अकरा जणं एकदम "येस सर" ओरडली. खान्देशातल्या वर्गात हे व्हायचंच. बाकीचे मास्तर रोल नंबरवर भागवत. सरांनी हजेरी बंद केली, फळा पुसला आणि म्हणाले, "झालं. आपला विषय सुरू झाला." मग अख्खा तास प्रत्येकाला तालुका, गाव, गल्ली, घरात काय म्हणतात, हे विचारत एका लांबड्या वहीत लिहीत बसले. मी धरणगावची, तिसऱ्या बाकावरची. सर मला चार वर्षं "धरणगाव, तिसरा बाक" अशीच हाक मारायचे. मी बाक बदलला तर म्हणाले, "न कळवता पत्ता बदलू नको." मी मुकाट्याने जागेवर येऊन बसले.

सर जे शिकवत ते मला आजही त्यांच्याच शब्दांत आठवतं. आपण लिहिलेला प्रोग्रॅम कंपायलर वाचतो आणि मशीनला कळेल असा करून देतो. वाचता वाचता तो एक झाड तयार करतो. प्रोग्रॅममधला प्रत्येक ब्लॉक, म्हणजे कंसात बंद केलेला तुकडा, ही त्या झाडाची एक फांदी, आणि त्या फांदीवर कोणकोणती नावं जन्माला आली त्याची यादी म्हणजे सिम्बॉल टेबल. सर फळ्यावर हे झाड मूळ वर, फांद्या खाली असं काढायचे. लॅबचे रशीदभाई एकदा खडू ठेवायला आले आणि म्हणाले, "सर, झाड उलटा क्यूं?" सर म्हणाले, "रशीदभाई, हे वाचायचंय, लावायचं नाही."

एखादं नाव शोधायचं कसं, यासाठी त्यांचं उदाहरण ठरलेलं. "तुम्ही घरात ‘नाना’ अशी हाक मारली. कोण येईल? आधी घरातला नाना. घरात नसेल तर गल्लीतला. गल्लीतही नसेल तर गावातला. नाव नेहमी आतून बाहेर शोधायचं. घरात नाना बसलेला असताना गावच्या नानाला बोलावलं, तर घरातल्याचा अपमान आहे." पिंप्राळ्यात त्यांच्या गल्लीत तीन नाना होते. एकदा पार्सलवाला गल्लीच्या तोंडाशी गाडी थांबवून "नाना कोण?" म्हणून विचारत होता, तर सरांनी त्याला भर उन्हात उभं करून हे सगळं समजावलं. त्याला ते पटलंही. फक्त तेवढ्यात तिन्ही नाना जेवायला घरात गेले होते आणि पार्सल परत गेलं.

आणि दुसरं त्यांचं पालुपद होतं, "संपलं म्हणून फेकायचं नाही." ब्लॉक संपला की आळशी प्रोग्रॅमर त्याची यादी फेकून देतो. आता काय काम, म्हणतो. पण कंपायलर झाडावरून दुसऱ्यांदा फिरतो तेव्हा त्याला ती यादी परत लागते. ती नसली की तो बाहेरच्या यादीतलं त्याच नावाचं भलतंच माणूस उचलून आणतो, आणि गंमत म्हणजे चूक झाली असं कुठे दाखवतही नाही. "यादी त्या फांदीलाच अडकवून ठेवा," सर म्हणायचे. "घर सोडताना आपण कुलूप लावतो, घर पाडत नाही."

हे त्यांनी कंपायलरपुरतं ठेवलं असतं तर बरं झालं असतं. लॅबच्या मागच्या खोलीत एक लोखंडी कपाट होतं. त्यात सरांनी कंपायलरच्या प्रत्येक बॅचच्या, अगदी जुन्यात जुन्याही, प्रॅक्टिकलच्या जर्नल्स ठेवायला लावल्या होत्या. रशीदभाईंकडे त्याची किल्ली. एकदा तपासणीची कमिटी यायची होती म्हणून प्राचार्यांनी कपाट रिकामं करून त्यात झेंडूच्या माळा आणि पाण्याच्या बाटल्या ठेवायचा हुकूम काढला. सर खुर्ची घेऊन कपाटासमोर बसले. जेवायलाही उठले नाहीत. रशीदभाई त्यांना तिथेच डबा नेऊन देत होते आणि प्राचार्यांना सांगत होते, "साहेब, किल्ली हरवली." किल्ली त्यांच्या गळ्यात दिसत होती. शेवटी माळा कमिटीच्या गळ्यात गेल्या, बाटल्या जिन्याखाली गेल्या आणि जर्नल्स राहिल्या.

आता माझं रडगाणं सांगते, कारण त्याच्याशिवाय हे सर कळणार नाहीत.

शेवटच्या वर्षाला मला पुण्यात नोकरी लागली होती. आमच्या घरातून गाव सोडून नोकरीला जाणारी मी पहिलीच मुलगी. वडिलांनी पेढे वाटले होते, आणि वाटता वाटता दोनदा म्हणाले होते, "पास हो मात्र, नाहीतर हे पेढे खाल्लेल्यांना काय तोंड दाखवू?" नोकरीची अट एकच होती, परीक्षा वेळेत पास व्हायची. परीक्षेला बसायचं तर जर्नलवर सरांची सही पाहिजे. आणि त्या जर्नलमधलं सातवं प्रॅक्टिकल होतं सिम्बॉल टेबलचं.

हे सातवं प्रॅक्टिकल आमच्या कॉलेजात कोणी करत नसे. ते उतरवून घेत. सीनिअरकडून ज्युनिअरकडे, ज्युनिअरकडून त्याच्या ज्युनिअरकडे, एकच प्रोग्रॅम वर्षानुवर्षं चालत आलेला. त्याच्याबरोबर तपासायचा नमुनाही चालत आलेला: बाहेर `kusum` नावाचं एक व्हेरिएबल, म्हणजे आकडा ठेवायचा डबा, त्याची किंमत दहा, आणि आतल्या ब्लॉकमध्ये त्याच कुसुमला छापायचं. उत्तर दहा येणार, सगळ्यांचं येणार. ही कुसुम कोण, यावर होस्टेलमध्ये पैजा लागत. कोणी म्हणे कुणा सीनिअरची प्रेयसी, कोणी म्हणे पहूरच्या एका मुलाची म्हैस. पहूरची मुलं या दुसऱ्या मतावर चिडत. पण नाव कोणी बदललं नाही. उतरवताना जो मेहनत घेतो तो उतरवतो कशाला!

मीही उतरवला होता. खोटं कशाला बोलू? सुंदर अक्षरात, खाली दुहेरी रेघ मारून.

प्रॅक्टिकलच्या दिवशी सर एकेकाच्या मशीनपाशी आले आणि नमुन्यात एकच ओळ वाढवायला लावली: आतल्या ब्लॉकमध्येही एक `kusum` जन्माला घाला, तिची किंमत वीस. आता आत छापलं तर वीस यायला पाहिजे, बाहेर छापलं तर दहा. आमच्या सगळ्यांच्या मशीनवर दोन्हीकडे दहा आले. पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत दहा, दहा, दहा, दहा. आमचा वंशपरंपरागत प्रोग्रॅम ब्लॉक संपला की आतली यादी फेकून देत होता. आतली कुसुम दुसऱ्या फेरीत सापडतच नव्हती. सरांनी प्रत्येक जर्नलवर लाल पेनने एकच शब्द लिहिला: ‘पुन्हा.’

सर दरवर्षी हेच करत, हे आम्हाला माहीत होतं. पण दरवर्षी प्राचार्य मध्ये पडायचे, रिझल्टची कळकळ दाखवायचे आणि सह्या व्हायच्या. त्या वर्षी सर म्हणाले, "अकरा वर्षं सह्या केल्या. आता नाही." प्राचार्यांनी नोटीस काढली. सरांनी नोटिशीवर पट्टी चिकटवली: ‘नोटीस. धमकी प्रकारातली. प्राचार्यांच्या केबिनची.’ टर्म संपायला आठवडा राहिला होता. आता सरांची नोकरी जाणार की आमचं वर्ष, एवढंच बघायचं उरलं होतं.

मला असा संताप आला की काय सांगू! मी तशी भांडकुदळच. मनात म्हटलं, हा प्रोग्रॅम आभाळातून तर पडला नाही. कोणीतरी पहिल्यांदा लिहिलाय, कोणत्या तरी मास्तरने तो चालवून घेतलाय. ते नाव शोधायचं आणि प्राचार्यांच्या टेबलावर आपटायचं. कॉलेजनेच चुकीचं खपवलं असेल तर शिक्षा आम्हाला का?

रशीदभाईंकडे गेले. म्हटलं, "भाई, कपाट उघडा."

"कशाला, बेटा?"

"कुसुमचं माहेर शोधायचंय."

त्यांनी गळ्यातली किल्ली काढली आणि म्हणाले, "बाहेर काही नेऊ नको. सर मला विचारतील." मग स्वतःच म्हणाले, "नाही विचारणार. बघ तू."

मी आतून बाहेर शोधत गेले, सरांनी शिकवल्याप्रमाणेच. आमच्या वर्षाची जर्नल, मग मागच्या वर्षाची, मग त्याच्या मागची. सगळीकडे कुसुम. कुठे निळ्या शाईत, कुठे काळ्या, एका महाशयांनी तर हिरव्या. खाली खाली जाताना कागद पिवळे पडत गेले, माझी बोटं धुळीने काळी झाली, आणि तळाच्या जरा वर कापडी बांधणीची एक जर्नल निघाली. तिच्या आधीच्या वर्षाच्या जर्नल्समध्ये कुसुम नव्हती. तिथे मोहन, सोहन असलं काहीतरी होतं. या जर्नलमध्ये सातवं प्रॅक्टिकल, कुसुम, दहा. शेजारी लाल शाईत कोणा जुन्या मास्तरांचे दहापैकी दहा. आणि मुखपृष्ठावर विद्यार्थ्याचं नाव, गाव, गल्ली, घरात काय म्हणतात, सगळं व्यवस्थित लिहिलेलं.

आमचे सर!

रशीदभाई दारातच उभे होते. मी जर्नल ओढणीखाली घेतली तरी त्यांना दिसली. त्यांनी बाजूला सरकून वाट दिली. मी रिक्षा केली आणि थेट पिंप्राळा गाठलं. वाटेत मनातल्या मनात भाषण तयार केलं. पहिलं वाक्य होतं, "सर, सही करता की ही प्राचार्यांना दाखवू?" ते मला फार आवडलं होतं.

दार काकूंनी उघडलं. सरांच्या बायकोला आम्ही सुलभाकाकू म्हणायचो. कॉलेजच्या कार्यक्रमांना यायच्या, कोपऱ्यात बसायच्या, हसतमुख बाई. "सर बाजारमा गयात, येतीन आते. बस वं माय," म्हणाल्या, पाणी दिलं. घरात सगळ्या डब्यांवर पट्ट्या. मी बघतेय म्हणून त्या हसल्या. "यांनी लावल्या आहेत. तिखटाच्या डब्यात मी कधीची साखर भरून ठेवली. मला मुंग्यांना फसवायचं असतं, यांना काय माहीत."

मग त्यांची नजर जर्नलवर गेली. "हे तर यांचं अक्षर. केवढं जुनं!" असं म्हणत त्यांनी हात पुसले आणि पानं उलटायला लागल्या. सातव्या प्रॅक्टिकलला थांबल्या. इंग्रजी अक्षरं होती, पण नाव वाचता येतंच.

"हे काय लिहिलंय?"

"कुसुम," मी म्हटलं. "ती कोण ते कोणालाच माहीत नाही, काकू. सगळ्या कॉलेजच्या जर्नलमध्ये आहे."

"बठ्ठास्नी लिखं शे?"

"सगळ्यांनी. दरवर्षी."

काकू खाली बसल्या. त्या नावावर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, "कुसुम म्हणजे मीच, बाई."

माहेरचं नाव कुसुम. सरांशी साखरपुडा झाला तेव्हा सर शेवटच्या वर्षाला होते. वर्षभराने लग्न लागलं आणि नाव ठेवायची वेळ आली. ताटात तांदूळ पसरले, अंगठीने नाव लिहायचं. तर सरांच्या वडिलांनी, आबांनी सांगितलं, कुसुम चालणार नाही, घरात एक कुसुम आधीच आहे. सरांची आत्या. एका घरात दोन कुसुम कशा राहतील? हाक मारली तर कोण येणार? नाव ठरलं सुलभा. "पंडितजींनीच सुचवलं, कोणालातरी आवडलं, झालं. मना काय इलाज? आई जिवंत होती तोवर ती कुसुम म्हणायची. आई गेली, मग कोणी राहिलंच नाही. आत्याबाई अजून आहेत बरं का, ठणठणीत." काकू हसल्या. "आणि हे तर जगाचं नावगाव विचारत फिरतात. मला आजवर ‘ऐकलं का’ याशिवाय दुसरी हाक नाही."

माझं ते आवडतं पहिलं वाक्य मी मनातच खोडून टाकलं. प्राचार्यांना ही जर्नल दाखवली असती तर त्यांनी ती अख्ख्या स्टाफमध्ये फिरवली असती, आणि कुसुम कोण याच्या नव्या पैजा लागल्या असत्या. मला स्वतःचीच लाज वाटली.

तेवढ्यात सर भरताची वांगी घेऊन आले. जर्नल बघितली, पिशवी खाली ठेवली आणि म्हणाले, "सापडली का? मला वाटलं होतं, कोणीतरी कधीतरी कपाट उघडेलच."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?" माझा आवाज चढला. "चूक तुमची आणि पुन्हा आम्ही करायचं?"

"चूक माझी. नक्कल तुमची. दोन वेगळ्या नोंदी आहेत, धरणगाव. एकीत दुसरी मिसळू नको."

"पण तुम्हाला दहापैकी दहा मिळाले!"

"तेच तर." सर खुर्चीत बसले. काकूंकडे बघत नव्हते. "नमुन्यात एकच कुसुम होती, म्हणून उत्तर बरोबर आलं. लग्नानंतर एकदा बसलो आणि सहज दोन घालून बघितल्या. एक बाहेरची, एक आतली. आतलीला हाक मारली तर बाहेरचीच ओ देते! आबा म्हणाले तेच माझा प्रोग्रॅम म्हणत होता. रागाने तीन दिवस बसलो आणि नीट लिहिला. प्रत्येक फांदीला तिची यादी. मग दोघी राहिल्या. एकीने दुसरीला काही केलं नाही. एका घरात दोन कुसुम आरामात राहतात."

"मग हे तेव्हा आबांना का नाही सांगितलं?" हे मी विचारलं नाही. काकूंनी विचारलं.

सर चष्मा काढून पुसायला लागले. "आबांसमोर माझा आवाज कुठे निघायचा? मी कॉम्प्युटरसमोर बोललो."

काकूंनी वांग्यांची पिशवी उचलली आणि आत गेल्या. आतून कढई जरा जोरातच ठेवल्याचा आवाज आला.

मी विचारलं, "सर, नवा लिहिला तर तो का नाही कपाटात ठेवला? जुनाच का फिरू दिला?"

"नवा ठेवला असता तर तुम्ही तो उतरवला असता," सर म्हणाले. "आणि जुना माझा आहे हे सांगायला मला अकरा वर्षांत तोंड झालं नाही. आता लिहून घे माझ्या नावावर."

दुसऱ्या दिवशी सर लॅबमध्ये आले ते ती कापडी जर्नल हातात घेऊनच. सगळ्यांसमोर उघडली, ही माझी, असं सांगितलं. मग खिशातलं लाल पेन काढलं, दहापैकी दहा खोडले, शून्य घातलं आणि खाली लिहिलं: ‘पुन्हा.’ कुसुम कोण ते सांगितलं नाही. मीही आजवर त्या वर्गातल्या कोणाला सांगितलेलं नाही.

"चार दिवस आहेत," सर म्हणाले. "सगळ्यांनी समोर बसून लिहायचं. मीही लिहिणार. जुनं बघायचं नाही." आणि खरंच माझ्या शेजारी, तिसऱ्या बाकावर येऊन बसले.

चार दिवस आम्ही सातवं प्रॅक्टिकल केलं. इतकं वाईट वाईट लिहिलं की विचारू नका. एकाच्या यादीत यादीच अडकली, एकाचं मशीन गोठलं, पहूरच्या पाटलाचा प्रोग्रॅम कोणतंही नाव विचारलं की त्याचंच नाव सांगायचा. पण तिसऱ्या दिवशी माझ्या मशीनवर आत वीस आणि बाहेर दहा उमटले, तेव्हा मी बाकावर उभी राहिले. इतका आनंद मला नोकरीच्या पत्राने झाला नव्हता. रशीदभाईंनी सगळ्यांना गोळ्या वाटल्या. प्राचार्य दारातून डोकावले, मास्तर विद्यार्थ्यांत बसलेला बघून आल्या पावली निघून गेले. नोटीस पुढे कुठे गेली कोणाला कळलं नाही.

शेवटच्या दिवशी सरांनी आमच्या सगळ्या जर्नल्सवर सह्या केल्या आणि स्वतःची माझ्यासमोर सरकवली. "तपास."

"मी?"

"शोधून तू काढलीस ना? मग तपासायचीही तूच."

मी त्यांना तीन कुसुम घालायला लावल्या, एकीत एक. बाहेर दहा, आत वीस, अगदी आत तीस. तिघी जागच्या जागी. ब्लॉक बंद करून परत बाहेर आले तरी दहा. काही केल्या चूक सापडेना. मग मी लाल पेन घेतलं आणि नऊ मार्क दिले.

"एक का कापला?"

"सुबकता नाही सर." चार वर्षं प्रत्येक जर्नलवर सर हेच लिहून माझा एक मार्क कापत आले होते.

सरांनी जर्नलकडे बघितलं, मग माझ्याकडे. "बरोबर आहे," म्हणाले आणि ती नवी जर्नल कपाटात ठेवायला रशीदभाईंकडे दिली.

मी पास झाले, पुण्याला गेले, काही वर्षांनी कंटाळून परत आले आणि आता धुळ्याच्या एका कॉलेजात शिकवते. काय शिकवत असेन, सांगा? तेच. दरवर्षी सातवं प्रॅक्टिकल येतं आणि दरवर्षी ढिगाने जर्नल्स येतात, सगळ्यांत कुसुम. आत वीस, बाहेर दहा. कपाटातली ती नवी जर्नल कधीतरी बाहेर पडली आणि बसने धुळ्याला पोचली. नमुन्यात काहीही घाला, उत्तर बरोबरच येतं, कारण सरांनी ती नीट लिहिली होती. आता चोर पकडायचा तरी कसा? मी डोळ्यांत तेल घालून तपासते, तोंडी प्रश्न विचारते, दोन-चार जणांना ‘पुन्हा’ लिहिते. सगळ्यांना नाव बदलायला लावणं मात्र मला आजवर जमलेलं नाही. हात वळत नाही.

गेल्या महिन्यात जळगावला गेले होते, तर पिंप्राळ्याला जाऊन आले. दारातून मी पूर्ण नाव, गाव, सध्याचं कॉलेज सांगितलं. सर म्हणाले, "तिसरा बाक राहिला." निवृत्त झाले तरी तसेच आहेत. टीव्हीच्या रिमोटवर पट्टी आहे. आत्याबाई गेल्या वर्षी गेल्या, असं म्हणाले. मग चुळबुळ करत, मुद्दाम दुसरीकडे बघत त्यांनी विचारलं, "ते अजून येतं का गं? तुझ्याकडे?"

"येतं सर. यंदाही जवळजवळ सगळ्यांच्या जर्नलमध्ये आहे. धुळ्याची मुलं, त्यांना काही माहीत नाही. छान अक्षरात लिहितात."

आत स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज येत होता. सरांनी घसा खाकरला आणि एवढ्या वर्षांत मी त्या घरात कधी ऐकली नव्हती अशी हाक मारली.

"कुसुम, चहा टाक गं."

आतला भांड्यांचा आवाज थांबला. उत्तर मात्र आलं नाही. सरांनी माझ्याकडे बघितलं. त्यांचे कान लाल झाले होते. परत, जरा मोठ्याने, "कुसुम!"

काही नाही. मला वाटलं, झालं, आता ‘ऐकलं का’ म्हणतील. सरांनी तोंड उघडलंही. तेवढ्यात आतून काकूंचा आवाज आला.

"पहिलांदाच ऐकू उनं. आखो एकदाव म्हना."

सरांनी आणखी एकदा म्हटलं. मग काकूंनी चहा टाकला.